ओटीची पहिली नोकरी : हाताशी काय असावं?

कात्रीवाली
कपाट आवरताना स्प्लिंटची (हाताला आधार देणारा साचा) जुनी कात्री सापडली. धारेवर अजून थर्मोप्लास्टिकचा (गरम पाण्यात मऊ होणारं प्लास्टिक) चिकटा! त्यात भाची सोमवारपासून ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजार-इजेनंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारी) म्हणून रुजू होतेय, म्हणून हा धागा. पुस्तकातलं नको, पहिल्या महिन्यात हाताला लागतं ते लिहा.

माझ्याकडून मनगटाचा कॉक-अप, म्हणजे मनगट मागे वळवून धरणारा स्प्लिंट. शीट ३.२ मिमी, पाणी ६५ ते ७० अंश, तळाला जाळी, नाहीतर शीट भांड्याला धरते. हात सुजलेला असेल तर कागदी नमुना चांगल्या हातावर काढून उलटा करायचा. लांबी कोपराखालच्या हाताच्या दोन तृतीयांश, रुंदी अर्धा घेर, मनगट २०-३० अंश मागे. पुढची कड तळव्यावरच्या बोटांकडच्या आडव्या रेषेच्या अलीकडेच थांबली पाहिजे. नवशिके इथे हमखास चुकतात. कड पुढे गेली की मूठ वळत नाही आणि पेशंट स्प्लिंट पिशवीत घालून फिरतो.
करंगळीच्या बाजूला मनगटाचं हाड वर येतं, तिथे पॅड आधी *हाडावर* ठेवायचा आणि त्यावरून शीट बसवायची. नंतर आतून चिकटवलात तर जागा तेवढीच राहते आणि दाब उलट वाढतो. अर्धा तास घालून ठेवा, मग काढून लाली बघा. पंधरा-वीस मिनिटांत गेली नाही तर तेवढाच भाग हीट गनने मऊ करून बाहेर फुगवा.

सांजवेळ
+१. पण ताई, मधुमेह किंवा कुष्ठरोगात हाताला संवेदना नसू शकते, मग तो माणूस "टोचतंय" म्हणणारच नाही. लाली रोज डोळ्यांनी बघायला घरच्यांना शिकवायचं.

बंड्या_४२००
आणि मे महिन्यात बंद गाडीत स्प्लिंट ठेवू नका, पापड होतो 😄

निशिगंध
"ऑक्युपेशनल म्हणजे नोकरी लावून देता का?" याचं उत्तर पाठ करून ठेव म्हणावं. दिवसातून तीनदा लागतं.

सांजवेळ
किंवा सरळ "फिजिओ मॅडम" म्हणून हाक.

जुना_खांब
आणि देशातलं पहिलं ओटीचं शिक्षण मुंबईतच सुरू झालं, केईएममध्ये, १९५० साली, कमलाबाई निंबकरांमुळे. तरी मुंबईतच समजावत बसायचं! असो. राज्याच्या ओटी-फिजिओ कौन्सिलची नोंदणी रुजू होण्याआधी करून घ्या.

मोगरा
डाळ शिजतेय, पटकन लिहिते. पक्षाघातात उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही, काखेत हात घालूनही नाही. खांदा आधीच सैल असतो, निसटतो. नातेवाईक नेमकं हेच करतात, म्हणून पहिल्याच दिवशी शिकवा. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. घरी नेसतात काय ते विचारा. नाडी एका हाताने बांधता येत नाही, इलॅस्टिक घालून घ्या. ब्लाउजला हुकांऐवजी वेल्क्रो.

टी_सिक्स
मणक्याचा वॉर्ड मिळाला तर एवढं पक्कं हवं. इजा टी-६ (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर, आणि थेरपी चालू असताना अचानक डोकं ठणकतंय, चेहरा लाल, घाम. झोपवू नका! बसतं करा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली आहे का बघा, लगेच डॉक्टरांना हाक मारा. यांचं वरचं बीपी एरवी ९०-१०० च असतं, त्यामुळे १३० दिसलं तरी ते चढलेलंच. "नॉर्मल आहे" म्हणून सोडू नका.

बंड्या_४२००
लहान मुलांकडे कोणी आहे का इथे?

चिमणचारा
आहे. खडू मोडून दोन-तीन सेंमीचे तुकडे करून द्या. लांब खडू मुठीत धरतात, तुकडा चिमटीतच धरावा लागतो. कागद टेबलावर नको, भिंतीवर चिकटवा, मनगट आपोआप मागे जातं. पेन्सिलीच्या महागड्या ग्रिपची घाई नको.

जुना_खांब
व्हीलचेअरसाठीच्या उताराचं राहिलं. एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लागतात, चाळीच्या गॅलरीत ते बसतच नाहीत. म्हणून रेघा मारण्याआधी टेप घेऊन घरी जा. संडासाच्या दाराची मोकळी रुंदी बघा, चौकटीची नाही. दार पूर्ण उघडलं तरी फळीची जाडी आत येतेच.

मोगरा
चमच्याची मूठ जाड करायला एसीच्या पाइपवरचं काळं फोम मस्त. हार्डवेअरवाल्याकडे फुटावर मिळतं, भोक चमच्याच्या दांडीपेक्षा जरा बारीक घ्या.

निशिगंध
मोगरा, धुताना पाणी आत राहून वास येत नाही का?

मोगरा
येतो ना. काढून वाळवायचं, महिन्याभराने बदलायचं. स्वस्तच आहे.

कात्रीवाली
एका हाताने भाजी चिरायचा खिळ्यांचा पाट तयार कुठे मिळतो?

बंड्या_४२००
सुताराकडून करून घ्या. दोन स्टीलचे खिळे खालून वर, बटाटा त्यात रोवायचा. लोखंडी नकोत, गंजतात. खाली ओला नॅपकिन, नाहीतर पाट फिरतो.

निशिगंध
कणकेच्या परातीखाली पण तोच नॅपकिन 👍

मोगरा
परात म्हणताय आणि माझी डाळ लागली 🙈