मदत हवी आहे : नवी पेठेतल्या १२ मीटर रस्त्यात सायकलला जागा कशी काढायची?

आम्ही काही रहिवासी आणि दुकानदार मिळून नवी पेठेतल्या एका रस्त्याचा आराखडा करतोय. टेपने मोजलं, दुकानाच्या पायरीपासून समोरच्या पायरीपर्यंत १२ मीटर भरतात.

आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. त्यात खांब, झाडं, दुकानापुढची गर्दी धरली की एका बाजूला अडीच मीटर जातात, दोन्ही बाजू मिळून पाच. उरले ७. दुतर्फा वाहतुकीला साडेपाच दिले तर हातात दीड मीटर. त्यात एकतर सायकल, नाहीतर दुचाकी पार्किंग.

मागे आम्ही स्वखर्चाने पांढरा पट्टा मारून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर गाड्या लागल्या होत्या, अगदी ओळीत! एकेरी वाहतुकीला दुकानदारांचा ठाम नकार आहे, मालाचे टेम्पो दुपारी येतातच. रुंदीकरण शक्य नाही. रुंद पदपथ आणि सायकल मार्गिका केलेल्या पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण कृपया नको, तो याच्यापेक्षा खूपच रुंद आहे.

मग वेगळी सायकल मार्गिका सोडून, उंचवटे आणि अरुंद वळणांनी वाहनांचा वेग ताशी २० किमीवर आणून सायकली त्यातच चालवल्या तर जमेल का? इतक्या अरुंद बाजारपेठेत कुणी हे करून पाहिलंय का, आणि दुचाकींचं पार्किंग कुठे हलवलं?