इंग्रजी बातम्यांतील तुलनात्मक निर्देश

प्रश्न : इंग्रजी बातम्या वाचताना ‘अदर’, ‘सच’, ‘सिमिलर’, ‘मोअर’ हे शब्द वारंवार भेटतात, ते केवळ तुलना करतात, की मागच्या मजकुराशी वाक्य जोडण्याचे कामही करतात?

उत्तर १ : दोन्ही. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे आणि रुकैया हसन यांनी १९७६ च्या ‘कोहिजन इन इंग्लिश’ या ग्रंथात निर्देशाचे, म्हणजे मजकुरातील दुसऱ्या गोष्टीकडे बोट दाखवण्याचे, व्यक्तिवाचक, दर्शक आणि तुलनात्मक असे तीन प्रकार सांगितले असून ‘सेम’, ‘सच’, ‘अदर’ हे शब्द केवळ साम्य वा भेद सांगणाऱ्या सामान्य तुलनेत, तर ‘मोअर’, ‘बेटर’ हे संख्या वा गुण यांच्या विशिष्ट तुलनेत घातले आहेत.

उत्तर २ : बातमीत खरी कसोटी ‘अदर’ची लागते. ‘वन मॅन अँड टू अदर विमेन’ असे लिहिले की तो पुरुषही स्त्रियांतच मोजला जातो. ‘अदर’ गाळला की वाक्य निर्दोष होते. अपघाताच्या बातमीत ही चूक मला फार खटकते, कारण तिथे कोण दगावले हेच वाचकाला पुन्हा वाचून ताडावे लागते.

उत्तर ३ : मथळ्यातील ‘मोअर’कडेही पाहावे. ‘मोअर अरेस्ट्स’ म्हणताना आधीच्या अटका वाचकाला ठाऊक आहेत असे गृहीत धरलेले असते, म्हणून तो आधीचा आकडा पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.