मदत हवी आहे: लघुग्रहाचा जुना भाग गडद रंगवायचा की फिकट? शनिवारी प्रदर्शन आहे

सहकारनगरची_आई | बुधवार, रात्री १०.४०
मुलगी सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लघुग्रहाचं मॉडेल केलंय, कागदाच्या लगद्याचं, दोन फुटी. वाळलंय, आता फक्त रंग राहिलाय. मी सरळ राखाडी देणार होते. पण टकरींमुळे आणि स्पेस वेदरिंगमुळे (म्हणजे अवकाशातल्या माऱ्याने दगड जुना होण्यामुळे) पृष्ठभाग बदलत जातो असं तिने वाचलंय, त्यामुळे जुना भाग आणि ताजा भाग वेगळा दिसलाच पाहिजे असा तिचा हट्ट आहे. एका ठिकाणी लिहिलंय की जुना भाग गडद आणि लालसर होतो. दुसरीकडे लिहिलंय निळसर होतो. नक्की काय? अप्पा बळवंत चौकातून पोस्टर कलरच्या बाटल्या आणून ठेवल्यात, उद्या रात्री रंगवायला बसायचंय. कृपया थेट उत्तर द्या.

दुर्बीणवाला | १०.५२
कोणता लघुग्रह?

सहकारनगरची_आई | १०.५५
कोणता म्हणजे? लघुग्रह. लांबट, बटाट्यासारखा. बाटलीची टोपणं दाबून विवरं पाडली आहेत, चाळीसेक.

निळासागर | ११.०३
ताई, हा सगळा सौरवादळांचा परिणाम. सूर्यावर स्फोट झाला की विद्युतभारित कण सुटतात. मे २०२४ मध्ये असंच मोठं वादळ आलं तेव्हा लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला होता. उपग्रहांना आणि वीजजाळ्यांना यापासून धोका असतो. मुलीला हा विषय घ्यायला सांगा, चित्रं सुंदर मिळतात.

कॅलिपर | ११.२०
निळासागर, तुम्ही म्हणताय ते स्पेस वेदर. ताईंनी वेदरिंग विचारलंय, ते वेगळं. वादळ असो नसो, सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा कणांचा झोत, सतत वाहतच असतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने. लघुग्रहावर हवा नाही, चुंबकीय कवच नाही, त्यामुळे हायड्रोजन आणि हेलियमचे कण थेट दगडावर आदळतात. दगडातल्या खनिजांत लोह ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. हा मारा ते बंध तोडतो, ऑक्सिजन निसटतो आणि शुद्ध लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मागे राहतात, काही नॅनोमीटरचे. हे कण निळा प्रकाश जास्त गिळतात आणि लाल कमी. म्हणून जुना पृष्ठभाग गडद होतो आणि लालसरपणाकडे झुकतो.

हे नुसतं गणित नाही. जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा लघुग्रहावरची धूळ २०१० मध्ये पृथ्वीवर आणली. त्या कणांच्या अगदी बाहेरच्या, नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या थरात हे लोखंड प्रत्यक्ष सापडलं.

त्याआधी कित्येक वर्षं एक कोडं होतं. पृथ्वीवर सर्वांत जास्त पडणारे अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेले दगड, साध्या कॉन्ड्राइट जातीचे, पण त्यांच्याशी रंग तंतोतंत जुळणारे लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात फारसे दिसत नव्हते. एस जातीचे, म्हणजे दगडी लघुग्रह जवळचे वाटायचे, पण ते जास्त लाल. इटोकावाच्या धुळीने उत्तर दिलं: आत तोच दगड, फक्त कातडी म्हातारी झालेली.

दुर्बीणवाला | ११.३४
बरोबर, पण अर्धंच. सूक्ष्म उल्का विसरलात. वाळूच्या कणाहून बारीक धूळ सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने आदळते, तिथला दगड वितळतो, त्याची वाफ होते आणि ती वाफ शेजारच्या कणांवर पातळ थर बनून बसते. त्या थरातही लोखंडाचे कण असतात. जपानी शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ऑलिव्हिन या खनिजावर लेझरचे झटके मारून हे करून दाखवलंय. माझ्या मते हेच मुख्य कारण.

कॅलिपर | ११.४१
चंद्रावर त्याचा वाटा मोठा असेल. लघुग्रहांच्या कोवळ्या कुटुंबांचा (एकाच लघुग्रहाचे अलीकडे फुटून झालेले तुकडे) अभ्यास २००९ मध्ये झाला, त्यात दहा लाख वर्षांच्या आतच लाली चढलेली दिसली. एवढ्या झटपट हे काम सौरवाराच करू शकतो.

दुर्बीणवाला | ११.४४
झटपट सुरुवात होते हे मान्य. शेवटपर्यंत तोच करतो, हे मान्य नाही.

सहकारनगरची_आई | ११.४६
तुमचा वाद चालू द्या, पण मग गडद लालसर हे पक्कं ना? विटकरी घेतलाय.

डोंगरमाथा | गुरुवार, सकाळी ६.३०
विटकरी देऊ नका! खगोलवाले ज्याला लाल म्हणतात ते वर्णपटातलं लाल, म्हणजे परत येणाऱ्या प्रकाशात निळ्यापेक्षा लाल भाग थोडा जास्त, एवढंच. डोळ्याला फार तर तपकिरी झाक असलेला राखाडी दिसेल. नेटवरच्या बहुतेक फोटोंत रंगातला फरक मुद्दाम वाढवून दाखवलेला असतो.

दुसरं, भूगोलाच्या पुस्तकात मुलं ‘विदारण’ शिकतात, तेच इथे होतं असं तिला वाटू देऊ नका. सहकारनगरात राहता तर तळजाई टेकडीवर जा. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा बेसाल्टचा एखादा धोंडा शोधा आणि त्याचा सुटा तुकडा फोडा. बाहेर तांबूस साल, आत काळानिळा दगड. ती साल पाण्याने आणि ऑक्सिजनने आलेली, म्हणजे लोखंडाला गंज चढलेला. लघुग्रहावर नेमकं उलटं. तिथे लोखंडाचा ऑक्सिजन काढून घेतला जातो. बाहेरून दोन्ही दगड जुने आणि मळकट दिसतील, पण रसायन विरुद्ध दिशेचं. तुकडा फोडून मॉडेलशेजारी ठेवा, परीक्षकांना हातात घेऊन बघता येईल.

आजोबा७२ | ७.१५
दगडांचाच विषय निघाला म्हणून सांगतो, मुलीला एकदा लोणारला न्या. बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. वय साधारण पावणेसहा लाख वर्षं. आम्ही १९७८ मध्ये एसटीने गेलो होतो, काठावरून खाली उतरताना पायाखालचा दगड कसा भुसभुशीत होता ते अजून आठवतं. पुस्तकातल्या दहा चित्रांनी ते कळत नाही.

रश्मी_क | ८.०५
काका, छान आठवण, पण ताईंना आज रात्री रंगवायचंय. ताई, निळसर वाचलंत तेही चूक नाही. बेन्नू लघुग्रहावर उलटा प्रकार आहे. तो कार्बनयुक्त, मुळातच काळाकुट्ट, पडलेल्या प्रकाशातला जेमतेम चार टक्के परत पाठवतो. त्याच्यावरची लहान, ताजी विवरं आसपासच्या जमिनीपेक्षा लालसर आहेत आणि जुना भाग निळसर. र्‍युगूही काळाच, पण त्याचा कल पुन्हा लालसर होण्याकडे. व्हेस्टा तर तिसऱ्याच तऱ्हेचा, चंद्रासारखं वेदरिंग तिथे दिसतच नाही. तिथे बाहेरून आदळलेल्या कार्बनयुक्त दगडांची काळी भुकटी मिसळलीय, म्हणजे आदळणाऱ्यानेच रंग आणला. म्हणून दुर्बीणवाले पहिल्यापासून विचारताहेत. कोणता लघुग्रह?

सहकारनगरची_आई | दुपारी १.१०
ऑफिसातून लिहितेय. तिला फोन करून विचारलं. चार्टवर तिने ‘इरॉस’ लिहिलंय. हे इतकं महत्त्वाचं असेल असं वाटलं नव्हतं, आधीच सांगायला हवं होतं.

रश्मी_क | १.२२
मग प्रश्नच सुटला. इरॉस एस जातीचा, लांबी सुमारे ३४ किलोमीटर, नीअर शूमेकर यान त्याच्याभोवती वर्षभर फिरलं आणि १२ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच्यावरच उतरलं. तिथे रंगात फरक अगदी थोडा, उजळपणात जास्त. मोठ्या विवरांच्या उभ्या भिंतींवर उजळ पट्टे आहेत, कारण वरची जुनी माती घसरून खाली जाते आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. तळाला गडद माती साचते. म्हणून सपाट भाग तपकिरी झाकेचा राखाडी, भिंती उजळ, तळ सगळ्यांत गडद.

डोंगरमाथा | १.३५
सहमत. दरड कोसळल्यावर घाटात जसा नवा दगड दिसतो, तसं समजा.

कॅलिपर | १.५०
चाळीस विवरं सगळीकडे सारखी दाबली असतील तर तेवढं बदला. इरॉसवर ७.६ किलोमीटरचं एक विवर आहे. ती टक्कर झाली तेव्हा आख्खा लघुग्रह हादरला आणि जवळपास ४० टक्के पृष्ठभागावरची लहान विवरं ढासळून बुजली. म्हणजे टक्कर नवं विवर पाडते आणि जुनी पुसूनही टाकते. एक मोठं विवर करा आणि त्याच्या आसपासची टोपणाची विवरं लगद्याने भरा.

दुर्बीणवाला | २.०५
या बाबतीत कॅलिपरशी पूर्ण सहमत. शिवाय हादरा टकरीचाच लागतो असं नाही. पृथ्वीजवळून जाताना तिच्या ओढीनेही माती हलून ताजी होत असावी, कारण ताज्या दिसणाऱ्या लघुग्रहांच्या कक्षा पृथ्वीच्या फार जवळ येऊन गेलेल्या आहेत. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, तेव्हा हे बघता येईल. मुलगी तेव्हा कॉलेजात असेल.

निळासागर | २.३०
माझी गल्लत झाली होती. वेदरिंगबद्दल आजच नीट कळलं.

सहकारनगरची_आई | रात्री ११.५०
विवरं बुजवायची म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले, प्रत्येक टोपण तिने स्वतः दाबलं होतं. मग कॅलिपर यांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने वाटीने मोठं विवर दाबलं आणि शेजारची नऊ विवरं स्वतःच भरली, अंगठ्याने, हलकी खूण राहील अशी. म्हणते, ‘आई, इथे होती हे कळायला हवं.’ ओला लगदा हेअर ड्रायरने वाळवला. सगळीकडे काळा, पांढरा आणि थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून दिला. भिंतींना उजळ राखाडी. तळजाईचा तुकडा सकाळी आणू.

तिचा एक प्रश्न राहिलाय. यान उतरलं तिथली माती हलली असेल, तर ती जागा आता उजळ दिसत असेल का?

रश्मी_क | शुक्रवार, सकाळी ६.५०
उतरताना वेग सेकंदाला दोन मीटरहून कमी होता, म्हणजे चालत्या माणसाएवढा. माती फार तर यानाखालची हलली असेल, एखाद्या मोटारीएवढ्या जागेतली. पृथ्वीवरून तेवढं दिसणार नाही, पण तिने एक उजळ ठिपका दिला तर मी तरी हरकत घेणार नाही. अगदी बारीक ब्रशने द्या. आणि भिंतींना उजळ रंगाचे दोन हात लागतील, पोस्टर कलर वाळला की खालचा गडद रंग वर दिसतो.