ऑस्ट्रेलियन झाडांचे बोन्साय: मुळे कधी छाटावीत, खत कोणते द्यावे?

यारातीर

नमस्कार. मी मेलबर्नच्या पूर्वेकडील उपनगरात राहतो. जुनिपर आणि जपानी मेपलचे बोन्साय मी बऱ्याच वर्षांपासून करत आहे; आता मात्र याच भूमीतली झाडे कुंडीत वाढवावीत असे मनापासून वाटते. त्यासाठी रोपवाटिकेतून स्नो गम (निलगिरीची एक जात), कोस्ट बॅन्क्सिया (इथले एक फुलझाड) आणि पोर्ट जॅक्सन फिग (वड-उंबराच्या जातीतले झाड) अशी तीन लहान रोपे आणली आहेत. माझ्याकडची पुस्तके जपानी पद्धतीची असून, थंडी संपता संपता, डोळे फुटण्याआधी मुळे छाटून कुंडी बदलावी असे त्यांत सांगितले आहे. इथल्या हिशेबाने तो काळ ऑगस्टचा येतो. या तिन्ही सदाहरित झाडांना तोच काळ मानवेल का? निलगिरीच्या जातीची पाने कुंडीत लहान होतात का? आणि खत म्हणून हाडांचा चुरा चालेल का?

सिडनीकर

ऑगस्टमध्ये मुळांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मेपलची पाने गळलेली असतात आणि वसंतातल्या फुटव्यासाठी त्याने अन्न साठवून ठेवलेले असते, म्हणून त्याला तो काळ सोसतो. गम आणि फिग ही झाडे पाने राखून असतात. थंड मातीत मुळांची वाढ जवळजवळ थांबलेली असताना ती छाटली, तर पानांना पाणी पुरत नाही आणि जखमाही लवकर भरत नाहीत. झाड जोमाने वाढत असेल तेव्हाच कुंडी बदलावी. फिगसाठी नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी हा काळ मी योग्य मानतो, आणि गमसाठीही हवा चांगली उबदार झाल्यावरच हे काम हाती घ्यावे. मुळे कमी कराल त्या प्रमाणात पानेही कमी करावीत, आणि चाळीस अंशांची लाट येणार असेल तर ते काम पुढे ढकलावे.

सिडनीत हे फिग वालुकाश्माच्या कड्यांवर, दगडाच्या भेगेत मुळे रोवून वाढते. त्यामुळे उथळ कुंडी आणि दगडावर चढवलेली मुळे हे त्याच्या स्वभावातच आहे. नवीन पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला गंजाच्या रंगाची मऊ लव दिसते. मेलबर्नच्या हिवाळ्यात मात्र त्याला रात्री आडोशाला ठेवावे लागेल.

स्नो गमच्या बुडाशी लाकडी गाठ तयार होते, तिला लिग्नोट्यूबर म्हणतात. २००३ च्या वणव्यानंतर पर्वतरांगांमध्ये ज्या स्नो गमचे वरचे खोड जळून गेले, त्यांतील कित्येक झाडांना याच गाठीतून पुन्हा फुटवे आले. राखाडी, वाळलेले खोड आणि त्याच्या बुडाशी उगवलेले कोवळे फुटवे, हे रूप कुंडीत साधावे असे मला फार वाटते. पाइनची नक्कल करण्यापेक्षा ते किती तरी खरे आहे. म्हणून ही गाठ कापून टाकू नये, हळूहळू मातीच्या वर आणावी. शेंडे वारंवार खुडल्यावर पाने लहान होतात, पण मेपलइतकी बारीक होतील अशी अपेक्षा ठेवू नये. छाटणीच्या वेळी प्रत्येक फांदीवर थोडी पाने राखावीत, नाहीतर ती फांदी वाळण्याचा धोका असतो.

मातीमित्र

हाडांचा चुरा बॅन्क्सियाला मुळीच देऊ नये. आपल्याकडे गुलाबाला तो सर्रास घालतात, पण त्यात फॉस्फरस भरपूर असतो, आणि बॅन्क्सिया ज्या जुन्या, धुऊन निघालेल्या मातीत वाढली तिथे तो अगदी कमी असतो. तो मिळवण्यासाठी तिच्या मुळांवर बारीक तंतूंचे दाट झुबके येतात. त्यांतून पाझरणारी आम्ले मातीत अडकलेला फॉस्फरस मोकळा करतात. अशा मुळांना आयते खत मिळाले की झाड ते वाजवीपेक्षा जास्त शोषून घेते, पाने पिवळी पडतात, कडा करपतात आणि काही वेळा झाडच जाते. बॅन्क्सियाच्याच कुळातील ग्रेव्हिलिया आणि हकिया यांनाही हेच लागू आहे. इथल्या मूळच्या झाडांसाठी असलेले कमी फॉस्फरसचे, सावकाश विरघळणारे खत घ्यावे. कुंडी बदलताना ते झुबके अवश्य जपावेत. बॅन्क्सियाची सगळी माती एकदम झाडून मुळे उघडी करणे मला धोक्याचे वाटते.

यारातीर

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. कुंडी बदलण्याचे काम उन्हाळ्यावर टाकतो. रानातून जुने खोड खणून आणण्याविषयी आपले मत काय?

सिडनीकर

जमीनमालकाच्या परवानगीशिवाय आणू नये. राष्ट्रीय उद्यानांत आणि सरकारी जमिनीवर तर तो गुन्हा ठरू शकतो. कॅनबेराच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील बोन्साय संग्रहात इथल्या मूळच्या जाती आवर्जून ठेवल्या आहेत, ती झाडे एकदा पाहून यावीत.

पुण्याची गच्ची

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी भर घालते. बॉटलब्रश मूळचा ऑस्ट्रेलियाचाच असून आपल्या रोपवाटिकांत सहज मिळतो. त्याच्या तुऱ्याच्या टोकातून फांदी पुढे वाढत राहते आणि मागे सालीला चिकटलेल्या टणक बोंडांचे कडे उरते. म्हणून फुले सुकताच, बोंडे धरण्याआधी, तुऱ्याच्या थोडे मागे छाटावे. त्याने फांद्याही दाट होतात. कोकण किनाऱ्यावर लावलेला सुरू उत्तर ऑस्ट्रेलियातही नैसर्गिकरीत्या वाढतो. त्याच्या हिरव्या काड्या सांध्यांच्या असतात. त्या कात्रीने न कापता सांध्यावर चिमटीने ओढून तोडल्या, तर टोके तपकिरी पडत नाहीत. त्याच्या मुळांवरील गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, त्यामुळे कुंडी बदलताना जुन्या मातीची एक मूठ नव्या मातीत मिसळावी.