मदत हवी आहे : जुनं इंग्रजी मृत्युपत्र वाचता येत नाहीये (तातडीचं)

डेव्हनची_सून
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या घराण्यातलं एक जुनं मृत्युपत्र हाती लागलंय. रविवारी सासूबाईंची पंचाहत्तरी, तेव्हा वाचून दाखवायचंय. अर्धं लागतं, अर्धं नाही. जिथे तिथे 'वाय'च्या डोक्यावर बारीक 'ई'. मुलीला 'एक्स एक्स एल आय' दिलेत, ते काय? एकाचं नाव दोन 'एफ'नी सुरू होतं. शेवटचा परिच्छेद तर इंग्रजी वाटतच नाही. कुणाला येतं का? प्लीज लवकर.

जुनाबाजार
फोटो? साल? कुठून मिळालं? ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ लागते.

वकिलीखाक्या
मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि त्या साक्षीदारांच्या नावे काही ठेवू नये. डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा.

डेव्हनची_सून
काका, माणूस जाऊन पावणेचारशे वर्षं झाली. फेब्रुवारी 1648 चं आहे, लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवरून उतरवलंय. प्रोबेट, म्हणजे माणूस गेल्यावर कोर्टाने मृत्युपत्राला दिलेली मंजुरी, मे 1649 चं. सुरुवातीलाच 'शरीराने आजारी' लिहिलंय, म्हणजे सव्वा वर्ष अंथरुणावर होता बिचारा. फोटो चढत नाहीये.

एआयभक्त
पान एआयला द्या, दहा सेकंदांत मजकूर हातात. कशाला डोळे फोडताय?

कागदकिडा
दहा सेकंदांत मजकूर येतो खरा, पण न लागलेल्या जागी एखादं छानसं नाव ठोकून देतो आणि ते चुकलंय हे कळतही नाही. पाहुण्यांसमोर भलताच पूर्वज उभा राहील.
ताई, तो 'वाय' म्हणजे 'थ'चं जुनं अक्षर, म्हणून शब्द 'द'. 'एल आय' म्हणजे पौंड, तेव्हा मुलीला वीस पौंड मिळाले. पेन्स 'डी'ने लिहितात. आकडे रोमन असतात आणि शेवटच्या 'आय'ला शेपटी काढून 'जे' करतात. दोन छोटे 'एफ' म्हणजे एक मोठा 'एफ'. 'पी'च्या पायावर आडवी रेघ दिसली की 'पर' किंवा 'पार' वाचा. अक्षरावर नुसती रेघ असेल तर बहुतेक 'एम' नाहीतर 'एन' गाळलाय.
आणि तो सव्वा वर्ष आजारी नव्हता. तिकडे 1752 पर्यंत कागदोपत्री वर्ष 25 मार्चला बदलायचं. त्यांचा फेब्रुवारी 1648 म्हणजे आपला 1649. चार्ल्स राजाचा शिरच्छेद 30 जानेवारी 1649 चा, तोही तेव्हाच्या कागदांत 1648 मध्येच पडतो. म्हणजे तुमचा माणूस फार तर तीनेक महिन्यांत गेला.

मोडीमित्र
आपल्याकडेही हेच. पेशवे दफ्तरात 'छ' दिसला की चांद्र तारीख, 'मु' पुढे दोन दंड म्हणजे मुक्काम. मोडी आधी शिका, मग जगातलं कुठलंही हस्ताक्षर लागतं. माझ्याकडे सरावाची पानं आहेत, हवी असल्यास कळवा.

जुनाबाजार
मोडी शिकून सतराव्या शतकातलं इंग्रजी? रविवारपर्यंत?

मोडीमित्र
डोळा तयार होतो हो! करून बघितल्याशिवाय बोलू नये.

कागदकिडा
डोळा तयार करायचाच तर त्याच पानावर करा. पहिली ओळ बहुधा 'इन द नेम ऑफ गॉड आमेन' असते. त्यातली अक्षरं कागदावर गिरवून घ्या, तीच पुढे किल्ली. उलटा दिसणारा 'ई', 'आर'सारखा 'सी', ओळीखाली लोंबणारा 'एच' हे खास बघा. शेवटचा परिच्छेद लॅटिन. 'प्रोबातुम' दिसलं की ओळखा, प्रोबेटचा शेरा. कुठल्या कोर्टापुढे, कोणत्या तारखेला, शपथ कुणी घेतली एवढंच त्यात.

डेव्हनची_सून
बाप रे, वीस पौंड लागले! खालची सही फ्रेम करावी म्हणते. आणि 'सन इन लॉ'ला झोपायची गादी दिलीय, पण लग्न झालेली मुलगी तर कुठेच दिसत नाही?

कागदकिडा
सही फ्रेम करू नका. आर्काइव्हजमधली ती प्रत बहुतेक कँटरबरीच्या चर्च-कोर्टाच्या वहीतली, कारकुनाने उतरवलेली. सहीही त्याच्याच हातची. मूळ कागद वेगळ्या मालिकेत असतात, तिथे शोधा. एक्सेटर शहरात असलेली डेव्हन परगण्याची बहुतेक मृत्युपत्रं मे 1942 च्या बाँबहल्ल्यात जळली, तेव्हा ही नक्कल उरली हेच नशीब.
'सन इन लॉ' म्हणजे त्या काळी सावत्र मुलगाही. बायकोचं आधी एक लग्न झालं होतं का ते पाहा. 'कझिन'सुद्धा पुतण्या-भाच्याला म्हणत.

एआयभक्त
मी आत्ता विचारलं, तो जावईच म्हणतोय.

वकिलीखाक्या
सावत्र मुलाला सावत्र बापाच्या मिळकतीत सहसा मृत्युपत्राशिवाय हक्क मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

डेव्हनची_सून
आता नवरा म्हणतोय, विधवेशी लग्नाची नोंद पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, वहीत असेल. ती कुठे बघायची? फोटो चढवलाय, चौथी ओळ बघा ना कुणीतरी.

जुनाबाजार
फोटो आडवा चढलाय.