मदत हवी आहे: आरबी१ जनुकाची एक प्रत चांगली असूनही दुसरा डोळा का तपासायचा?

तगमग: भाच्याला रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या दृष्टिपटलाचा कॅन्सर) आहे. काल रिपोर्ट आला: 'आरबी१, हेटेरोझायगस, पॅथोजेनिक'. म्हणजे एकच प्रत बिघडलीय ना? हे जनुक कॅन्सर रोखतं म्हणतात, मग चांगली प्रत रोखेलच की! तरी दुसरा डोळा सारखा भूल देऊन बघणार म्हणे. समुपदेशकांची वेळ मंगळवारची. ताईला आज काय सांगू? लवकर सांगा.

कर्दळ: बाळ केवढं आहे? चाचणी रक्ताची की गाठीची?

तगमग: १४ महिन्यांचा. डावा डोळा. रक्तच घेतलं, आणखी कशाचं घेणार?

पाणवठा: आमच्या पुतणीचं फ्लॅशच्या फोटोत कळलं, बाहुली पांढरी चमकत होती. सगळ्यांनी आपापल्या बाळांचे फोटो नीट बघा.

आजीचा_बटवा: रोज हळदीचं दूध द्या. कॅन्सरच्या पेशी हळदीने मरतात.

कर्दळ: बटवा, प्रयोगशाळेतल्या बशीत मरतात म्हणून बाळात मरतील असं नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

तगमग, बिघाड नुसत्या गाठीत असता तर गोष्ट वेगळी. रक्तात सापडला म्हणजे बहुधा जन्मापासून सगळ्या पेशींत एक प्रत बाद आहे. दुसरी काम करतेय, पण वाढत्या दृष्टिपटलात लाखो पेशी विभागत असतात. त्यांतल्या एकीचीही दुसरी प्रत गेली की तिला विभाजनाआधी थांबवणारं आरबी प्रथिन संपलं. हे उजव्या डोळ्यातही होऊ शकतं. जन्मतः दोन्ही प्रती धड असतील तर एकाच पेशीत दोन्ही बिघडाव्या लागतात, ते फार क्वचित. १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदींवरून हा तर्क मांडला, तेव्हा जनुक कोणी पाहिलंही नव्हतं! हा कॅन्सर झालेल्या काही मुलांच्या १३व्या गुणसूत्राचा तुकडाच नसायचा. त्या जागी शोधत शोधत १९८६ मध्ये ते हाती लागलं.

रानवाट: पी५३ हे कॅन्सर रोखणारं दुसरं जनुक, ते पण असंच. आपल्यात त्याच्या दोन प्रती, हत्तीत ४०! म्हणून हत्तींना कॅन्सर कमी होतो असं मानतात.

पाणवठा: हत्तींचं नंतर. ताई आणि भावजींचं रक्त तपासलं का?

तगमग: त्यांचं कशाला? त्यांना काही झालेलं नाही.

कर्दळ: बिघाड बाळात नव्याने झालेला असू शकतो, पण आईवडिलांपैकी कोणात असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के.

तगमग: ताईला पाचवा महिना चालू आहे. हे लिहायचं राहिलं.

कर्दळ: मग मंगळवारपर्यंत थांबू नका. सकाळीच फोन करा आणि आधी हेच सांगा.