जिंकण्याचे उद्दिष्ट, हरण्याची मर्यादा: कॅसिनोतले तुमचे अनुभव

सांजवेळ
काल कपाट आवरताना जुन्या पाकिटात कॅसिनोची एक चिप सापडली आणि २०१६ सालची पणजीतली रात्र आठवली. मांडवीतल्या जहाजावर जाण्यापूर्वी आम्ही दोघांनी जेटीवरच ठरवले होते की पाच हजार हरलो तर उठायचे आणि दोन हजार जिंकलो तरीही उठायचे. पाऊण तासात रुलेटवर, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर, दोन हजार जिंकलोही. पण ‘आता हे त्यांचेच पैसे आहेत’ असे म्हणून आम्ही उद्दिष्ट पाच हजारांवर नेले, आणि पहाटे परतीच्या होडीत बसलो तेव्हा अकरा हजार गेले होते. मर्यादा नेमकी कधी ओलांडली, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला ती पाळता आली का?

शून्यलब्धी
सांजवेळताई, एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरे असतात, त्यांतली १८ लाल. जवळ १०,००० रुपये घेऊन दर वेळी लालवर ५०० लावले आणि २,००० जिंकताच किंवा सगळे संपताच उठायचे, हे काटेकोरपणे पाळले, तर शंभरातल्या साधारण ७३ रात्री आपण जिंकून उठतो, आणि म्हणूनच ही युक्ती चालते असे वाटत राहते. उरलेल्या २७ रात्री मात्र संपूर्ण १०,००० जातात. एका बाजूला १,४६,००० आणि दुसऱ्या बाजूला २,७०,००० मांडून पाहा.

केतकी
आम्ही कार्डे आणि मोबाइल हॉटेलच्या तिजोरीत ठेवून केवळ रोख ४,००० घेऊन गेलो. ते दीड तासात संपले आणि आम्ही जेवून परतलो. मनातल्या मर्यादेवर माझा विश्वास नाही.

दूरदेशी
लास वेगासमध्ये पुष्कळ टेबलांवर दोन शून्ये, म्हणजे ३८ घरे असतात, त्यामुळे प्रत्येक पैजेतला कॅसिनोचा सरासरी वाटा २.७० टक्क्यांवरून ५.२६ टक्क्यांवर जातो. शून्यलब्धी, मग तुमचे ७३ किती होतील?

शून्यलब्धी
साधारण ६३. शून्ये आधी मोजावीत आणि मगच बसावे.

मांडवीकाठ
आम्हा गोमंतकीयांना २०२० पासून कॅसिनोत प्रवेश नाही. माझ्या काकूंना त्या बातमीने किती हायसे वाटले, ते मी पाहिले आहे.

ओवी
माझ्या धाकट्या भावाला मर्यादा ठरवून कधीच उपयोग झाला नाही, कारण हरलेले परत मिळवण्यासाठी तो प्रत्येक वेळी नवी मर्यादा ठरवत असे. शेवटी त्याने स्वतःच पगाराचे खाते वहिनीच्या हाती दिले आणि समुपदेशन सुरू केले. केतकीताई, तुमचे म्हणणे मला पटते. दिवाळीत आम्ही घरी तीन पत्ती खेळतो तेव्हाही तो मुलांना घेऊन गच्चीवर जातो, आणि आम्ही त्याला बसण्याचा आग्रह करत नाही.